परातीची चाल

ग्रामपंचायतीच्या मतदानाला आठवडा राहिला असताना, बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी, नायब तहसीलदारांनी डोणगावच्या एका छापखान्यातून एका भजनाच्या चालीच्या सगळ्या प्रती जप्त केल्या. पंचनाम्यात मालाचे वर्णन 'प्रचारपत्रके, मजकूर चित्रमय, अर्थ संशयास्पद' असे आहे. चाल रचणारे गृहस्थ जागेवर हजर होते. पंचनाम्यावर सही करण्याआधी ते म्हणाले, "साहेब, जप्त करून राह्यले तं करा. पन घडी नका घालू. छत्री मोडन."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षे झाली होती. मी त्या छापखान्यात मुद्रिते तपासत असे आणि जिल्ह्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. जप्तीची बातमी मी त्याच संध्याकाळी पाठवली. संपादकांनी ती 'नीट चौकशी करून पुन्हा लिहा' असा शेरा मारून परत केली. चौकशी केली होती. बातमी तेवढीच होती.

त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. ते शाळेत शिकवत नव्हते. तरुणपणी मेहकरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवत, आणि तिथले मास्तरपण त्यांना आयुष्यभर चिकटले. त्यांचे गाव डोणगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नाव देत नाही, कारण या हकिकतीतले दोन्ही उमेदवार तिथलेच आणि दोघांची घरे समोरासमोर आहेत.

बँड त्यांनी सोडला नाही, बँडने त्यांना सोडले. एका वरातीत त्यांनी स्वतःची नवी चाल सुरू केली. वरात मांडवाच्या दारात आली तेव्हा चाल अर्धीच झाली होती. मास्तर वळले आणि वरात घेऊन पुन्हा विहिरीकडे गेले. नवरदेवाचा मामा घोड्याच्या लगामाला लोंबकळत ओरडत होता. मास्तरांच्या तोंडात क्लॅरिनेट असल्याने त्यांना उत्तर देता आले नाही. मुहूर्त टळला. नंतर लोकांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "वरात पोचली होती. चाल नव्हती पोचली. मी कोनाबरोबर होतो?"

घरची शेती भावांकडे होती. भाऊ त्यांना नांगराला हात लावू देत नसत. नांगरटीच्या तासाच्या मध्येच मास्तर थांबून गुणगुणत, आणि बैल घरी निघून येत. कुंभाराकडे माठ घ्यायला गेले की ते प्रत्येक माठावर टिचकी मारत, कान लावत आणि हवा तो आवाज सापडेपर्यंत सगळी रांग वाजवत. गळका माठ त्यांनी एकदा जाणूनबुजून घेतला. भावजयीने विचारले, "पाणी कशात भरू, भाऊजी?" मास्तर म्हणाले, "पान्यासाठी दुसरा घेऊ ना. हा आयकाले हाय."

एस.टी.च्या ड्रायव्हरांशी त्यांचे कायमचे भांडण होते. गाडी थांबली की ते खिडकीशी जात. "भाऊ, तुमचा भोंगा उतरला बरं का. मागच्या आठवड्यात वरते होता."

"मास्तर, गाडीत बसाचं हाय का?"

"नाई. सांगाले आलो."

सा रे ग म या अक्षरांवर त्यांचा राग होता. मेहकरला एक पेटीवाले होते, पुण्यात शिकून आलेले, कडक इस्त्रीचा कोट घालणारे. त्यांनी एकदा मास्तरांना विचारले की आपण चाली कोणत्या पद्धतीने लिहिता. मास्तर म्हणाले, "सा म्हनलं का कोनाचा सा? तुमचा का माहा? तुमी पेटीवरून उठले का तुमचा सा पेटीतच राह्यते." पेटीवाल्यांनी हे अडाणीपणाचे लक्षण मानले आणि तसे चार ठिकाणी सांगितले.

मास्तरांची पद्धत अशी होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते एखादे भांडे पालथे ठेवत आणि कापसाच्या गाठींवर नंबर टाकायच्या निळ्या शाईने त्याच्याभोवती गोल काढत. छोटी चाल असेल तर वाटी, मध्यम असेल तर ताटली, सप्ताहाला म्हणायची मोठी चाल असेल तर परात. गोलाच्या काठाने ते चित्रे काढत. शिडी म्हणजे आवाज एक पायरी चढवायचा. विहीर म्हणजे एक पायरी उतरायचा. छत्री म्हणजे आहे तिथे थांबायचे, छत्री मिटेपर्यंत. कोंबडा म्हणजे एकदम उडी. कंदील म्हणजे आवाज बारीक करायचा. मंडळातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते, पण शिडी आणि विहीर यांतला फरक सगळ्यांना कळत होता.

चाल गोल का, असे विचारले तर ते विचारणाऱ्याकडेच कीव आल्यासारखे पाहत. "भजन संपते काय? फिरते. फिरनारी गोष्ट सरळ लिहिली तं कागदाच्या बाहेर जाईन."

वाचायची दिशा त्यांनी कधी सांगितली नाही. सांगावी लागत नव्हती. देवाभोवती ज्या बाजूने फिरतात त्याच बाजूने.

अडचण आदल्या वर्षी सुरू झाली. सप्ताहाच्या तोंडावर मास्तरांना हिवताप चढला. मंडळाची नवी चाल अर्धी शिकवून झाली होती, आणि कागद मास्तरांच्या उशाखाली होता. मंडळाच्या दोन रांगा देवळात समोरासमोर बसल्या आणि प्रत्येक रांगेने उरलेली अर्धी चाल आपापल्या अंदाजाने म्हटली. एक रांग आधी संपली आणि दुसऱ्या रांगेच्या तोंडाकडे पाहत बसली. बाहेरगावचे पाहुणे हसले. हे मंडळाच्या फार जिव्हारी लागले.

मंडळाचे म्होरके आबाजी. माणूस सरळ, कमी बोलणारा. या वर्षीचा सप्ताह जवळ आला तेव्हा त्यांनी मास्तरांना ओट्यावर बसवले आणि सगळ्यांसमोर सांगितले, "मास्तर, चाल तुमच्या डोक्यात राह्यते अन् डोकं तापात. असं मंडळ चालते काय? छापून आना. परक्या गावच्या मंडळाले कागद देऊ. तुमी तोंड न उघडता त्याईनं बरोबर म्हटली तं मंडळ तुमचं. नाई तं मेहकरच्या पेटीवाल्याले बलावतो."

"तो कोट घालून भजनाले बसन?" मास्तरांनी विचारले.

"कोट काढून ठेवन. तुमी तुमचं पाहा."

मंडळ गेले असते तर मास्तरांकडे काही उरले नसते. शेत नव्हते, बँड नव्हता, संसार त्यांनी केला नव्हता. रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात जाऊन मंडळावर ओरडणे हा त्यांचा दिवस होता. ते दुसऱ्या दिवशी परातीएवढी गुंडाळी काखेत मारून छापखान्यात आले.

आमच्याकडे जुळारी म्हणून रहीमभाई होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा हात डोळ्यांच्या पुढे धावत असे. त्यांनी गुंडाळी टेबलावर पसरली, एका बाजूने पाहिली, मग टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने पाहिली.

"मास्तर, ही चाल हाय का बाजार?"

"चाल हाय."

"ह्याच्यात कोंबडा काऊन हाय?"

"उडी माराले."

"अन् मी हे कायनं जुळवू? माह्या खणात क हाय, ख हाय. कोंबडा नाई."

कोंबडा होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी उमेदवारांच्या चिन्हांचे ठोकळे अकोल्याहून नुकतेच आले होते आणि कागदात गुंडाळलेले कोपऱ्यात पडले होते. मास्तरांच्या गावात या वेळी दोन गट होते. मोठ्या जमिनीचे मालक होते त्यांची छत्री, आणि भाजीपाला पिकवून डोणगावच्या बाजारात विकणारे होते त्यांचा कोंबडा. शिडी आणि कंदील ही चिन्हे कोणी घेतली नव्हती, पण ठोकळे आले होते. विहीर एका पंपाच्या जाहिरातीतून कापून घेतली. चाल कुठून सुरू करायची ते कळावे म्हणून गोलाच्या माथ्यावर लग्नपत्रिकेतला गणपती बसवायचे ठरले. हे सगळे कोणी सुचवले याबद्दल नंतर बरीच चर्चा झाली. छापखान्याचे मालक म्हणाले रहीमभाईंनी, रहीमभाई म्हणाले मालकांनी. ठोकळे पाहून मास्तरांना झालेला आनंद मात्र सगळ्यांनी पाहिला. त्यांनी छत्रीचा ठोकळा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "काड्या बी काहाडल्या हो याच्यात," ते म्हणाले.

वाद आकारावरून झाला. आमच्या पायाने चालवायच्या मशीनवर परातीचा गोल बसत नव्हता.

"ताटलीएवढा करू," मालक म्हणाले.

"परातीची चाल ताटलीत कशी मावन?"

"चित्रं लहान आहेत मास्तर. मावेल."

"चित्र मावन हो. श्वास मावन का?"

शेवटी रहीमभाईंनी घरून पिठाची जुनी चाळणी आणली, जाळी काढून टाकली आणि कड्यात ठोकळे गोल लावले. फटी ओल्या कागदाच्या लगद्याने भरल्या. चाळणी परातीपेक्षा लहान पण ताटलीपेक्षा मोठी होती, म्हणून मास्तरांनी संमती दिली. मुद्रित त्यांनी स्वतः तपासले. प्रत्येक छत्री, प्रत्येक कोंबडा मूळ कागदाशी ताडून पाहिला. एक कंदील तिरका होता तो सरळ करून घेतला. मूळ कागदावर जितकी चित्रे होती तितकीच छापात होती. प्रती निघाल्या.

छपाईची बातमी मास्तरांच्या गावात चालीच्या आधी पोहोचली. कोंबड्याचे उमेदवार आधी छापखान्यात आले. त्यांनी कागद पाहिला आणि बोटाने मोजायला लागले.

"मास्तर, छत्री कोंबड्याच्या तिप्पट हाय."

"चालच थांबत थांबत जाते. मी काय करू?"

"दोन-चार कोंबडे टाका ना अजून."

"तुमच्यासाठी चाल उड्या मारन काय? लोकाईचा घसा फाटन."

ते गेल्यावर छत्रीचे उमेदवार आले. छत्र्यांची संख्या पाहून ते खूश झाले आणि गावभर वाटायला आणखी प्रती मागू लागले. मास्तरांनी कधी नव्हे ते त्यांना चहा पाजला. मग त्यांच्यासोबतच्या एकाने कागदावर बोट फिरवत सांगितले, "दादा, प्रत्येक छत्रीच्या म्होरं विहीर हाय. छत्री उघडते अन् विहिरीत जाते." दादांनी पुन्हा पाहिले. खरे होते. चहा अर्धा टाकून ते उठले.

अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या तक्रारी एकाच दिवशी नायब तहसीलदारांकडे गेल्या. निवडणुकीच्या काळात दोन्ही बाजूंचे एकमत झालेले हे एकच प्रकरण असल्याने त्यांनी ते तातडीने हाती घेतले.

नायब तहसीलदार पुण्याकडचे होते. बोलणे हळू, चष्मा सोनेरी काडीचा. बाजाराच्या दिवशी सकाळी छापखान्याच्या ओसरीवर खुर्ची टाकून त्यांनी दोन्ही उमेदवारांसमक्ष चौकशी सुरू केली. प्रश्न एकच होता. हा कागद गाणे असेल तर परत द्यायचा, नसेल तर छापखान्याला सील. मालक एका खांबाला टेकून उभे होते आणि खांब सोडत नव्हते.

"हे गाणं आहे हे सिद्ध कसं करणार?" साहेबांनी विचारले.

आबाजी आपल्या मंडळासह आले होते. ते पुढे झाले. "साहेब, आमचा तं करारच हाय. परक्या मंडळानं म्हनाची. आज बाजार हाय, मी पाहतो."

रिसोडच्या वाटेवरच्या एका गावचे मंडळ टाळ घ्यायला बाजारात आले होते. आबाजी त्यांना घेऊन आले. त्यांच्यात म्होरक्या होता तो उंच, तोंडात पान भरलेला. मास्तरांनी चिन्हांचा अर्थ बोलून सांगितला. गुणगुणायला बंदी होती. मग साहेबांच्या हुकमाने मास्तरांना छापखान्याच्या आतल्या खोलीत बसवले, दार लावले आणि दारात शिपाई उभा केला. अभंग नेहमीचा, सगळ्यांच्या पाठातला. चाल तेवढी नवी. परक्या म्होरक्याने पान थुंकले, गणपतीला हात जोडले, कागदावर बोट ठेवले आणि मंडळाने सुरुवात केली.

ते एकत्र चढले, एकत्र उतरले, एकत्र थांबले. एकही आवाज मागे-पुढे झाला नाही. साहेबांनी मान हलवली आणि लिहायला लेखणी उचलली. पण आबाजींचा चेहरा पडला होता.

"ही ती चाल नाई," ते म्हणाले.

"गाणं आहे ना?"

"गानं हाय साहेब. मास्तरचं नाई."

त्याच वेळी आतून दारावर धक्के बसायला लागले. "फिरवली! चाल फिरवली बे कोनीतरी! शेवटून म्हनून राह्यले!"

शिपायाने दार उघडले. मास्तर बाहेर आले आणि सरळ कागदावर वाकले. मग रहीमभाईही वाकले. कळायला वेळ लागला नाही. छापखान्यात खिळा उलटा असतो. ओळ उलट्या अंगाने जुळवली की कागदावर सुलटी येते. अक्षरांची ओळ असली की रहीमभाईंचे हात हे आपोआप करत. गोलात ओळ नव्हती. मूळ कागद समोर ठेवून त्यांनी चित्रे जशी दिसली तशी लावली, आणि कागदावर सगळी चाल विरुद्ध दिशेने फिरली.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "उलट्या बाजूनं वाचा."

परक्या म्होरक्याने कागद खाली ठेवला. "देवाचं भजन हाय साहेब. उलटी प्रदक्षिणा आमच्यानं होनार नाई."

"अहो, फक्त बोट फिरवायचं आहे."

"बोट आमचंच हाय ना साहेब."

साहेबांनी आबाजींकडे पाहिले. आबाजींनी नकारार्थी मान हलवली. आपल्या मंडळालाही त्यांनी तसे वाचू दिले नसते. मास्तर तर असे काही सुचवलेले ऐकूनच मागे सरकले होते. मंडळ हातातून चालले होते आणि त्यांना बोट उलटे फिरवणे मंजूर नव्हते. ते ओसरीवरून बाजाराकडे पाहत उभे राहिले. समोर पिंपळाखाली एक न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

मास्तर चालत गेले आणि गिऱ्हाइकाच्या हातातला आरसा काढून घेतला.

"ओ मास्तर! अर्धी राह्यली माही!"

"पळून जाते काय ती? या इकडे."

न्हावी वस्तरा घेऊन मागे आला आणि गिऱ्हाईक गालाला साबण तसाच ठेवून त्याच्या मागे. मास्तरांनी कागद एका खांबाला टेकवला आणि आरसा त्याच्यासमोर धरला. आरशात चाल सरळ झाली. परका म्होरक्या आरशात वाकला आणि दचकून मागे आला.

"गणपती उजव्या सोंडेचा झाला."

"मंग?"

"मंग काय, चपला काढाव्या लागन."

सगळ्यांनी चपला काढल्या. खुर्चीत बसलेल्या साहेबांनीही बूट काढले. हे पंचनाम्यात नाही. मास्तरांना पुन्हा आत बसवले आणि आरसा धरायचे काम गिऱ्हाइकाकडे दिले, कारण आरशावर पहिला हक्क त्याचा होता.

मंडळाने पुन्हा सुरुवात केली, देवाच्या बाजूने. दुसऱ्या कंदिलापर्यंत आवाज दबकत गेला. मग पहिला कोंबडा आला आणि आबाजींच्या मंडळातला एक जण मागून उडी मारून सुरात शिरला. त्याला कोणी अडवले नाही. थोड्या वेळाने दुसरा शिरला. आदल्या वर्षी ज्या दोन रांगा वेगवेगळ्या संपल्या होत्या त्यांतली माणसे परक्या माणसांच्या खांद्यांवरून आरशात डोकावत म्हणत होती. भाजीवाल्यांनी आपापली पाटी सोडली आणि ओसरीखाली गर्दी झाली. गोल पुरा झाला तरी ते थांबले नाहीत, दुसऱ्यांदा गणपतीपासून निघाले. साहेबांनी हात वर करेपर्यंत ते फिरत राहिले.

आतल्या खोलीतून आवाज आला नाही. शिपायाने दार उघडले तेव्हा मास्तर कागदाच्या रिमांवर बसून डोळे मिटून होते. शिपाई म्हणाला, "झालं मास्तर." मास्तर म्हणाले, "तिसऱ्या छत्रीले घाई केली. पन जाऊ दे."

छत्रीच्या उमेदवारांना आरशात दाखवण्यात आले की विहीर आता आधी येते आणि छत्री तिच्यातून वर निघते. त्यांनी तक्रार मागे घेतली. कोंबड्याच्या उमेदवारांनी कोंबडा आता कुणाकडे पाहतो याची खात्री करून घेतली. तो छत्रीकडे पाठ करून होता. त्यांनीही मागे घेतली. नायब तहसीलदारांनी लिहिले की सदर कागद भजन असल्याचे प्रत्यक्ष ऐकून खात्री झाली, प्रती मतदान झाल्यावर परत द्याव्यात. गिऱ्हाइकाची उरलेली दाढी ओसरीवरच झाली.

आबाजी मास्तरांजवळ गेले. "पेटीवाल्याले सांगावा देतो, येऊ नका म्हनून."

"द्या."

"पन एक हाय मास्तर. हे बाजारात झालं. तुमी भिंतीमांगं होते. सप्ताहात देवळात व्हाले पायजे, अन् तुमी गावात नसतांनी."

"गावात नसतांनी?"

"हाव. तवाच खरं."

छापखान्याच्या मालकांनी खांब सोडला.

सुधारून पुन्हा छापायला मास्तरांनी नकार दिला. रहीमभाईंनी विनंती करून पाहिली. मास्तर म्हणाले, "नको. आरशात पाहून म्हनाची म्हनल्यावर लोक ध्यान देतात." मंडळाने एक आरसा विकत घेतला. निवडणूक पार पडली. प्रती परत मिळाल्या.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी मी त्या गावी होतो. देवळात दोन रांगा समोरासमोर बसल्या. मध्ये पाटावर कागद आणि त्याच्यासमोर तिरका आरसा. आबाजींनी टाळ उचलला. चाल सुरू झाली, दोन्ही रांगांनी ती पुरी केली आणि दोन्ही रांगा एकत्र थांबल्या. मास्तर देवळात नव्हते. दुपारच्या गाडीने ते डोणगावला गेले होते आणि चाल संपली तेव्हा एस.टी. थांब्यावर, गावाकडे पाठ करून, चहा पीत बसले होते.